कॉन्टिनेंटलच्या मोलाचे नाही

एखादी वस्तू कुचकामी ठरली म्हणजे आपण म्हणतो, ‘तिला फुटक्या कवडीचे मोल नाही.’ कवडी एके काळी आपल्या बाजारात चलन म्हणून चालत असे. ती फुटली की तिला कोणी हाती धरीत नसे. अमेरिकेतील लोकांच्या बोलीत याच अर्थाचा एक वाक्प्रचार आहे : ‘नॉट वर्थ अ कॉन्टिनेंटल’. म्हणजे, एका कॉन्टिनेंटलच्याही मोलाचे नाही. माझे इंग्रजी शाळेतले नव्हे, वाचनालयातले. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मला तो एखाद्या हॉटेलाच्या नावासारखा वाटला. शोध घेतला, तेव्हा त्याच्यामागे मजुरीचा प्रश्न उभा असलेला दिसला.

१७७५ साली अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. त्यांच्या प्रतिनिधींची सभा म्हणजे कॉन्टिनेंटल काँग्रेस. लढाईला पैसा हवा. पण कर बसविण्याचा अधिकार या सभेला नव्हता. तेव्हा त्या वर्षीच्या जूनमध्ये तिने कागदी नोटा काढण्याचे ठरविले. तीच कॉन्टिनेंटल. प्रत्येक नोटेवर इतके स्पॅनिश डॉलर मिळतील असे वचन छापलेले असे, पण ते पाळण्याजोगी चांदी तिजोरीत नव्हती. १७७९ अखेर २० कोटी डॉलरांहून अधिक नोटा बाहेर पडल्या. भरीला इंग्रजांनी बनावट नोटा छापून पसरविल्या. भाव भडकले. गाडीभर नोटा दिल्या तरी गाडीभर धान्य मिळणे कठीण, अशी तक्रार १७७९ मध्ये खुद्द वॉशिंग्टनने लिहिली आहे. १७८० च्या मार्चमध्ये काँग्रेसनेच कबूल केले की, चाळीस कागदी डॉलर म्हणजे एक चांदीचा. पुढच्या वर्षी या नोटा व्यवहारातून उठल्याच.

व्यापाऱ्याला भाव वाढविता येतो, शेतकऱ्याला धान्य कोठारात ठेवता येते. साध्या शिपायाने काय करावे? त्याचा पगार महिना ६ डॉलर आणि एका डॉलरचे दोन तृतीयांश, असा ठरलेला. आकडा तोच राहिला आणि त्यातली भाकरी मात्र नाहीशी झाली. शिवाय तो पगारही महिनोन्‌महिने थकलेला.

१ जानेवारी १७८१ रोजी मॉरिसटाऊनच्या छावणीत पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केले. थकलेला पगार द्या, आणि तीन वर्षांच्या बोलीवर भरती झालेल्यांना मोकळे करा, ही त्यांची मागणी. त्यांनी आपल्यातल्या सार्जंटांची समिती नेमली आणि वाटाघाटी तिच्याकडे सोपविल्या. इंग्रज सेनापतीने ही संधी साधून हेर पाठविले : आमच्याकडे या, पगार आम्ही देतो. शिपायांनी त्या हेरांनाच धरून आपल्या वरिष्ठांच्या स्वाधीन केले; त्यांना फाशी झाली. भांडण मालकाशी होते, देशाशी नव्हते. तडजोड झाली, अनेकांना मुक्तता मिळाली. त्याच महिन्यात न्यू जर्सीच्या पलटणींनी तोच मार्ग धरला, तेव्हा मात्र वॉशिंग्टनने फौज पाठवून बंड मोडले आणि दोघा पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या.

लढाई जिंकली. शिपायांच्या हाती थकबाकीची प्रमाणपत्रे पडली. घरी खाणारी तोंडे होती, म्हणून कित्येकांनी ती मिळेल त्या किमतीला सट्टेवाल्यांना विकली. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी राष्ट्राचे कर्ज पूर्ण फेडण्याची योजना मांडली. पैसे मात्र ज्याच्या हाती कागद, त्याला मिळणार! मूळ शिपायालाही वाटा द्यावा, असे मॅडिसन यांनी सुचविले. ती सूचना फेटाळली गेली. आणि कॉन्टिनेंटल नोटांना भाव मिळाला शंभराला एक.

कोणी म्हणेल, त्या कागदाशिवाय स्वातंत्र्याची लढाई चाललीच नसती. हे खरे आहे. पण मग तो कागद म्हणजे एक करच होता, आणि ज्याला भाव वाढविता येत नव्हता त्याच्याकडून तो वसूल झाला. १९४० च्या मार्चमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला. त्यांना त्या शिपायांची गोष्ट कोणी सांगितली नसेल; पण पगाराचा आकडा निराळा आणि पगार निराळा, हे त्यांना बाजारातल्या ज्वारीनेच शिकविले होते.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका कारखान्याच्या दारात एका वृद्ध कामगाराने करारनाम्याचा कागद माझ्या हाती दिला आणि विचारले, “साहेब, आकडा वाचता येतो मला. याचं काय येतं, ते सांगा.” तेव्हापासून कोणताही करार पुढे आला की मी तोच प्रश्न आधी विचारतो. अमेरिकन माणूस ‘कॉन्टिनेंटलच्या मोलाचे नाही’ असे सहज बोलून जात असे. त्या बोलण्यात एका नोटेची थट्टा आहे. ती नोट ज्याच्या खिशात उरली, तो मात्र हसला नव्हता.