इपॉक्सीला चिवट बनवताना

कार्बन तंतू आणि इपॉक्सी राळ यांपासून बनणारे संमिश्र पोलादापेक्षा कितीतरी हलके, तरीही मजबूत असते. मात्र मजबुती म्हणजे चिवटपणा नव्हे. ब्रिटनच्या रोल्स-रॉइस कंपनीने आरबी २११ या जेट इंजिनाच्या पंख्यासाठी 'हायफिल' या कार्बन संमिश्राची पाती बनवली होती. १९७० मध्ये पक्ष्याच्या धडकेच्या चाचणीत ती टिकली नाहीत. कंपनी टायटॅनियमकडे वळली, पण इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेला आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये तिचे दिवाळे निघाले.

घट्ट होताना इपॉक्सीचे रेणू एकमेकांत गुंतून जाळे तयार होते. त्यामुळे राळ कडक व उष्णतारोधक बनते, पण रेणूंना सरकण्यास वाव उरत नाही. एकदा पडलेला तडा झपाट्याने पसरतो. संमिश्रात तंतूंचे थर एकावर एक रचलेले असतात आणि दोन थरांना केवळ राळ जोडते. हातातून अवजार पडले, तरी हे थर आतून सुटू शकतात. पृष्ठभागावर जेमतेम खूण दिसते, पण दाब सोसण्याची ताकद मोठ्या प्रमाणात घटते. म्हणूनच नमुन्यावर वजन आदळून नंतर त्याची दाबचाचणी घेतली जाते.

यावरचा जुना उपाय म्हणजे राळेत द्रवरूप रबर मिसळणे. राळ घट्ट होताना रबराचे सूक्ष्म कण वेगळे होतात. तडा जवळ येताच या कणांत पोकळ्या पडतात, भोवतालची राळ ताणली जाते आणि तड्याची ऊर्जा खर्ची पडते. मात्र कडकपणा व उष्णता सोसण्याची क्षमता कमी होते. पॉलिइथरसल्फोनसारखे उष्णतेला टिकणारे थर्मोप्लास्टिक वापरल्यास हे नुकसान टळते. तरी दाटीने बसलेल्या तंतूंमध्ये राळेला ताणले जाण्यास जागाच अपुरी असते. त्यामुळे नुसत्या राळेत साधलेला चिवटपणा संमिश्रात पूर्णपणे उतरत नाही. जपानच्या तोरे कंपनीने चिवट कण नेमके थरांच्या मधोमध ठेवून यावर मार्ग काढला. बोइंग ७७७ च्या शेपटीसाठी हेच साहित्य वापरले गेले.

त्याच विमानासाठी जनरल इलेक्ट्रिकने बनवलेले जीई ९० इंजिन १९९५ मध्ये सेवेत आले. त्याच्या पंख्याची पाती कार्बन तंतू आणि चिवट केलेल्या इपॉक्सीची आहेत. पुढच्या कडेला टायटॅनियमचे संरक्षण आहे. हायफिल जिथे हरले, तीच पक्ष्याच्या धडकेची परीक्षा देऊन ती आकाशात गेली.