वाडग्याचे लाकूड कुणाच्या मालकीचे?

वलगाव म्हटले की गाडगेबाबा आठवतात. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना याच गावाजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी त्यांचे देहावसान झाले. बाबांच्या हातातले गाडगे मातीचे होते. आजचा थ्रेड मात्र लाकडाच्या भांड्याविषयी आहे. प्रश्न साधा आहे. वलगावच्या सुताराने वाडगा कातायचा म्हटले, तर लाकूड कोणते घ्यावे?

केवळ गुण पाहिले तर हळदू. पिवळसर, बारीक व एकसारख्या पोताचे हे लाकूड कातकामाला उत्तम. कापडगिरण्यांच्या बॉबिनीही त्याच्याच होत. वलगावहून परतवाड्याचा रस्ता धरला की पुढे मेळघाट लागतो. तेथे हळदू आहे, साग आहे, तिवसही आहे.

परंतु लाकडाची निवड गुणांवर ठरते, हा समज कागदपत्रे वाचू लागल्यावर टिकत नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. १८६० च्या दशकात मेळघाटचे जंगल राखीव होऊ लागले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. रूळ, पूल, इमारती या सर्वांना लाकूड हवे होते, आणि जंगलात शिरणारा गावकरी आता सरकारच्या हिशेबात आला.

सपाटीवरच्या सुताराच्या हाती उरली बाभूळ. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीत ती आपसूक वाढते; पेढी त्याच पूर्णेची उपनदी. गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, औताचे भाग, अवजारांचे दांडे हे सारे बाभळीचे. तिला नाइलाजाचे लाकूड मानण्याचा प्रघात मला पटत नाही. तिचा तांबूस गाभा कठीण आणि टिकाऊ असतो. फक्त ती वाळली की हत्याराची धार खाते, म्हणून ओली असतानाच कातावी लागते.

खरी परीक्षा येथेच आहे. वऱ्हाडचा उन्हाळा ओल्या लाकडाला तडकवतो. त्यामुळे ओंडका मधोमध चिरून मधला कणा काढून टाकावा, टोकांना मेण लावावे, वाडगा प्रथम जाडसर कातून सावलीत महिनोन्‌महिने ठेवावा आणि मग अखेरचा हात फिरवावा. घरोघरची जुनी काथवट तर कातलेली नव्हेच, ती तासून कोरलेली.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, हळदू, तिवस, बिजा, खैर तर आहेतच; पण आंबा, चिंच आणि जांभूळही आहेत. म्हणजे स्वतःच्या शेतातला आंबा तोडायलाही परवानगी लागते. बाभूळ आणि कडुनिंब त्या यादीत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी जंगलाच्या हद्दीने जे झाड वलगावच्या सुताराच्या पदरात टाकले, तेच आजही बांधावर उभे आहे.