घोटीवरून गेलेली गाडी

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता थळघाट चढून इगतपुरीस येतो आणि तेथून थोडे पुढे गेले की घोटी लागते. भाताच्या व्यापाराविषयी प्रसिद्ध असलेले हे गाव. आग्नेयेस १६४६ मीटर उंचीची कळसूबाई, भोवती भातखाचरे, आणि डोंगराच्या कुशीत महादेव कोळी व ठाकर यांच्या वाड्या. नाशिकला जाताना आम्हांपैकी बहुतेकांनी हे गाव पाहिले आहे. पण ते गाडीच्या खिडकीतून. तेवढ्यावरून घोटीची गोष्ट कोणास लिहिता येईल काय?

हा प्रश्न आम्ही उगाच विचारीत नाही. कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. सदतीस फुटांस एक फूट असा त्याचा चढ आहे. पुढे सातच वर्षांनी, १८७२ साली, फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याने ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या गृहस्थाची कथा प्रसिद्ध केली. त्या कथेत गाडी रात्री सह्याद्री ओलांडते, नाशिकवरून जाते आणि सकाळी खानदेशात धावू लागते. म्हणजे ती घोटीवरून गेलीच असली पाहिजे! परंतु घोटी ना नायकाने पाहिली, ना लेखकाने. नायकाचे लक्ष पैजेकडे. आणि लेखकाने तर हिंदुस्थानात कधी पाऊलही टाकले नाही. कथा मोठी रंजक आहे, हे कोण नाकारील? पण त्या रात्रीच्या अंधारात आमचा मुलूख मात्र दिसत नाही.

आमचे स्वतःचे कादंबरीकार त्या काळी काय करीत होते? नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली निघाली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी मोठ्या प्रामाणिकपणे कबूल केले आहे की, आपल्या लोकांची विवाहपद्धती आणि एकंदर राहणीच अशी आहे की, तीत मनोरंजक असे काही सापडत नाही. म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो. बालवयात लग्न लावून दिल्यावर प्रीतिकथा कोठून यावी, ही अडचण खरीच होती. तथापि, आमच्या जीवनात लिहिण्याजोगे काही नाही, हा निष्कर्ष मात्र खरा नव्हता.

त्याचा पुरावा अकरा वर्षे आधीच छापला गेला होता. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' हे पुस्तक १८५७ सालचे. त्याच बालविवाहाच्या चालीतून उत्पन्न झालेले विधवांचे दुःख यमुनेला प्रवासात ठिकठिकाणी दिसते आणि तीच कथेची सामग्री होते. पुस्तकावर धर्मोपदेशाचे ओझे आहे आणि कला म्हणून ते लंगडे पडते, हे आम्हांस मान्य आहे. पण रिसबुडांना जेथे केवळ ओसाड रान दिसले, तेथे पदमनजींना पीक दिसले. आपल्या घरातील दुःख नित्याच्या सवयीने दिसेनासे होते. तेच परगावी, परक्या ओसरीवर पाहिले म्हणजे डोळ्यांत भरते.

पुढच्या शतकात याच गोष्टीची साक्ष एका दांपत्याने दिली. विश्राम बेडेकर चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले होते. परतीच्या समुद्रप्रवासातून त्यांची 'रणांगण' ही कादंबरी जन्मली. ती १९३९ साली प्रसिद्ध झाली. मुंबई येताच चक्रधर बोटीवरून उतरतो. जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू हेर्टाला मात्र उतरावयास भूमी नाही. त्यांच्या पत्नी मालतीबाई, म्हणजेच विभावरी शिरूरकर, यांनी 'बळी' लिहिली ती १९५० साली. तिच्यासाठी सातासमुद्रांपलीकडे जावे लागले नाही. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड सरकारने 'गुन्हेगार' ठरविलेल्या जमाती राहत होत्या; त्या कुंपणाच्या आत जाण्याची तयारी तेवढी लागली. ज्या कायद्याने त्यांस हा शिक्का मारला होता, तो १८७१ सालचा. तो रद्द झाला १९५२ साली. पांढरपेशा वाचकास हेर्टापेक्षा ही माणसे जवळची होती काय? मैलांच्या हिशेबाने होती. ओळखीच्या हिशेबाने नव्हती.

तेव्हा नव्या मुलखाने लेखकाला स्फूर्ती मिळते, हे म्हणणे अपुरे आहे. मुलूख नुसता ओलांडून मिळते ती प्रवासवर्णनाची टिपणे. कथा मिळावयाची तर तेथल्या माणसांच्या सुखदुःखाशी काही काळ बांधले जावे लागते. तसे न करता केवळ नवे रंग हवेत म्हणून खेड्यात जाणारा लेखक त्या माणसांची चित्रे काढील, पण ती माणसे त्यात स्वतःला ओळखणार नाहीत. आणि हा अन्याय विस्मरणापेक्षा लहान नव्हे.

घोटीस आजही गाड्या येतात आणि जातात. आषाढात, पाऊस कोसळत असता, गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करणारी बाई क्षणभर मान वर करून त्यांच्याकडे पाहते. खिडकीतील गृहस्थास ती दिसते, ती देखाव्याचा एक भाग म्हणून. तिची गोष्ट लिहावयाची तर त्याने येथे उतरावयास हवे आणि निदान एक पावसाळा मुक्काम करावयास हवा. ती स्वतःच लेखणी हाती घेईल, तर त्याहून उत्तम.