आईच्या साखळीचा पुरावा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या काही घराण्यांत ‘शजरा’ जपून ठेवतात. शजरा म्हणजे वंशवृक्ष. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी नावे त्यात ओळीने येतात. आजीचे नाव क्वचित, पणजीचे तर नाहीच. देशमुख-पाटलांच्या वंशावळी पाहिल्या तरी बहुधा तेच दिसते. बायकांची साखळी कागदावर उतरली नाही. शरीराने मात्र ती सांभाळली.

आपल्या पेशीत केंद्रकाबाहेर तंतुकणिका असतात. त्यांचा स्वतःचा डीएनए असतो, सुमारे साडेसोळा हजार अक्षरांचा. तो आईकडूनच येतो. मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो. पुढे देते ती मुलगी. पिढ्यान्‌पिढ्यांत त्यातले एखादे अक्षर बदलते. अशा बदलांच्या संचाला ‘हॅप्लोटाइप’ म्हणतात. एकाच पुरातन आईपाशी पोचणाऱ्या हॅप्लोटाइपांचा गट म्हणजे ‘हॅप्लोग्रुप’.

या विद्येची मोठी कसोटी आपल्या शेजारी, गोव्यात लागली. केतेवान ही जॉर्जियातील काखेतीची राणी. इराणच्या शाह अब्बासने तिला सुमारे दहा वर्षे शिराझला बंदीत ठेवले. तिने इस्लाम स्वीकारायला नकार दिला, तेव्हा 1624 मध्ये तिचा हालहाल करून वध झाला. शाह अब्बास माझ्याच धर्माचा होता, म्हणून हे वाक्य मी हलक्या आवाजात उच्चारणार नाही. बळजबरीने लादलेला धर्म हा धर्मच नव्हे.

पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या काही अस्थी 1627 मध्ये जुन्या गोव्यातील आपल्या मठात आणल्या. पुढे मठ ओस पडला. 1842 मध्ये तिथल्या चर्चचे छत कोसळले. पोर्तुगीज कागदांत मात्र अस्थी ठेवल्याची जागा, अगदी खिडकीसह, नोंदलेली होती. त्या आधाराने शोध घेताना पुरातत्त्व खात्याला हाडे मिळाली.

ती हैदराबादच्या ‘सीसीएमबी’त तपासली गेली. एका हाडात ‘यू1बी’ हा हॅप्लोग्रुप निघाला. भारतीय उपखंडातील बावीस हजारांहून अधिक नमुन्यांत तो आढळला नाही. जॉर्जियाच्या तीस नमुन्यांपैकी दोघांत आढळला.

एवढ्याने राणीचे नाव सिद्ध होत नाही. हॅप्लोटाइप व्यक्ती ओळखत नाही, आईची साखळी ओळखतो, आणि ती साखळी हजारो जणांची असू शकते. पण कागद, जागा आणि हाड अशा तिघांची साक्ष जुळली, तेव्हा शास्त्रज्ञांनी हे अवशेष केतेवानचे असण्याची दाट शक्यता वर्तवली. जुलै 2021 मध्ये भारताने त्यातला एक अवशेष जॉर्जियाला सन्मानाने दिला.

राणीचा मुलगा तेइमुराझ राजा होता आणि कवीही. आईच्या हौतात्म्यावर त्याने जॉर्जियन भाषेत काव्य लिहिले. आईची ती साडेसोळा हजार अक्षरे त्याच्याही देहात होती, पण मुलगा असल्याने ती त्याच्यापाशीच थांबली. त्याने लिहिलेली अक्षरे मात्र पुढे गेली. शजऱ्यात आईचे नाव लिहायला तेवढे कारण पुरेसे आहे.