खोलता येणारा संगणक

माझा नवा लॅपटॉप पालथा केला की खाली पाच स्क्रू दिसतात. ते सैल करायचा स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा खोक्यातच येतो. कीबोर्डचा भाग उचलला की आत बॅटरी, पंखा, रॅम, डिस्क, सगळं नावानिशी मांडलेलं. कडेला चार खाचा आहेत, त्यात हवं ते 'कार्ड' सरकवायचं. आज यूएसबी, उद्या एचडीएमआय.

"एवढा खटाटोप कशाला? सीताबर्डीत दुकानं काय कमी आहेत?" असं घरातल्या प्रत्येकाने विचारून झालंय. म्हणून एकदाच लिहून टाकतो, पुन्हा कुणी विचारलं की लिंक पाठवायची!

तर झालं असं की जुन्या लॅपटॉपची रॅम गेली. ती बोर्डालाच डाग देऊन बसवलेली. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, पूर्ण बोर्ड बदला." बोर्डाची किंमत ऐकून मी गप्प बसलो. त्यात आमचं गाव खापरखेडा. औष्णिक केंद्राच्या चिमण्यांच्या सावलीत राहणाऱ्यांना राखेचं वेगळं सांगायला नको. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते ती लॅपटॉपच्या पंख्यातही बसतेच. इथे यंत्र उघडून पुसता आलं पाहिजे, एवढी साधी माझी अट होती.

फ्रेमवर्क ही निरव पटेल यांनी 2020 साली अमेरिकेत सुरू केलेली कंपनी. तिचा पहिला लॅपटॉप 2021 मध्ये आला. मी घेतला तेव्हा कंपनी ज्या देशांत माल पाठवते त्या यादीत भारत नव्हता. मग न्यू जर्सीच्या आतेभावाला कामाला लावलं. त्याच्या घरी मागवला, त्याने कुरिअरने इकडे धाडला. ऑगस्ट 2023 मध्ये सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचं बंधन घातलं, तेव्हा टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या एका लॅपटॉपला त्यातून सूट ठेवली होती. परवान्यातून सूट बरं का, करातून नाही! कर भरला, आणि डबा एकदाचा घरी पोचला.

डब्याची वाट बघताना मनात आलं, परदेशातून भाग आणून घरी यंत्र जोडायचं, हे आपल्याकडे पूर्वी फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. आणि ते करणाऱ्यांचा म्होरक्या नागपुरात शिकलेला.

देशातला पहिला डिजिटल संगणक, एचईसी-2एम, 1955 साली इंग्लंडहून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तर टिफ्रॅक स्वतःच बांधला, 1960 मध्ये तो चालू झाला. पण माझ्या गोष्टीशी जवळचं नातं त्यानंतरच्या यंत्राचं आहे.

1980 च्या दशकात भारताला मान्सूनच्या अंदाजासाठी महासंगणक हवा होता. मागितला अमेरिकेचा क्रे एक्स-एमपी/24. हे यंत्र अण्वस्त्रांच्या गणितालाही चालेल अशी तिकडे धास्ती. बरीच वर्षं घासाघीस झाली आणि दशकाच्या अखेरीस दिल्लीला एक्स-एमपी/14 मिळाला. म्हणजे दोन प्रोसेसरच्या जागी एक, आणि वापरावर अटी. पैसे आपण मोजायचे आणि आपल्याच घरातल्या यंत्रावर काय करायचं हे दुसऱ्याने ठरवायचं. हे मला आजही खटकतं.

मार्च 1988 मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. संचालक डॉ. विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि इंजिनिअरिंगची पदवी नागपूरच्या व्हीआरसीईची (आजचं व्हीएनआयटी). मुदत तीन वर्षं. त्याच सुमारास, 1989 आणि 1990 मध्ये, आमच्या खापरखेड्यात 210 मेगावॉटचे दोन संच उभे राहिले. योगायोग एवढाच. पण इथल्या माणसाला 'संच' म्हटलं की पुढचं लगेच कळतं: एक मोठा राक्षस बांधण्यापेक्षा सारखे संच शेजारी उभे करा, एक बंद पडला तरी बाकीचे चालतात.

सी-डॅकने जवळपास हेच केलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ट्रान्सप्युटर नावाची चिप त्यांनी निवडली. बाजारात विकत मिळणारी. तिला शेजारच्या चिपांशी बोलायला चार जोडण्या (माझ्या लॅपटॉपलाही चारच खाचा, हे मला फार आवडलं). एकेक चिप क्रेपुढे चिल्लर. पण त्या जाळ्यासारख्या जोडल्या आणि काम वाटून दिलं की बेरीज मोठी होते. 1991 मध्ये परम 8000 तयार झाला. सुरुवातीचं यंत्र 64 नोडचं. त्याच वर्षी एक परम मॉस्कोच्या संस्थेतही बसवला गेला.

आपल्याकडे परमला 'संपूर्ण स्वदेशी' म्हणायची हौस आहे. तसं म्हणू नये असं माझं मत. चिप ब्रिस्टलची होती, ते लपवण्यासारखं नाही. आपली होती ती मांडणी, बोर्डांची रचना, आणि शेकडो कामं एकमेकांच्या पायात न अडखळता चालवणारं सॉफ्टवेअर. बाहेरच्याने कुलूप लावलेला डबा न घेता सुटे भाग घेतले, त्यामुळे पुढे काय करायचं हे ठरवणं पुण्यातल्या माणसांच्या हातात राहिलं.

आतेभावाने फोनवर नेमकं बोट ठेवलं होतं, "अरे पण ही कंपनीच उद्या बंद पडली तर? सुटे भाग कुठून आणशील?" प्रश्न खरा आहे. मी एक जादा बॅटरी आणि कीबोर्ड मागवून ठेवायचा विचार करतोय, पण बोर्डाचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही.

पुण्यावर ही वेळ खरोखरच आली होती. 1989 मध्ये इनमॉस दुसऱ्या कंपनीच्या हातात गेली. ट्रान्सप्युटरची पुढची पिढी, टी9000, रखडत गेली आणि काही वर्षांत तो वंशच संपला. तोवर सी-डॅकने परम 8600 मध्ये ट्रान्सप्युटरच्या जोडीला इंटेलची आय860 चिप बसवली होती. त्यानंतर आलेल्या परम 9000 ची रचनाच अशी, की नोडमधला प्रोसेसर बदलता यावा. त्यात सनचे सुपरस्पार्क बसले, मग अल्ट्रास्पार्क.