भोंगा वाजल्यावर शहर कोण सांभाळते? मुंबई महापालिका, १९४२ चे बिल आणि सफाई कामगाराचा हिशेब

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठरली. केंद्राने महाराष्ट्रातल्या ज्या ठिकाणांची यादी काढली होती, तीत आपले छत्रपती संभाजीनगरही होते. भोंगा, ब्लॅकआउट, जखमींना हलवणे यावर बरीच चर्चा झाली. पण या सगळ्याचा खर्च शहराच्या कुठल्या खात्यातून होणार आणि त्याचा हिशेब कोण मागणार, हा प्रश्न आमच्या कानावर आला नाही. मागणार तरी कोण? महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्येच संपली होती. त्या दिवशी शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता.

युद्ध आणि महापालिकेचा जमाखर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आपल्याला वाटते. सीमेवर लढायचे सैन्याने आणि गटारे साफ करायची महापालिकेने. पण बॉम्ब शहरावर पडायची शक्यता निर्माण झाली की गटार, नळ, बंब आणि स्मशान हीच युद्धाची आघाडी होते. हे समजून घ्यायचे तर दुसऱ्या महायुद्धातल्या मुंबईकडे पाहावे लागते.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे जपानी बॉम्ब पडले. मुंबईत घबराट पसरली आणि अनेक कुटुंबे गावाकडे निघून गेली. त्या काळात नागरी संरक्षणाला ए.आर.पी. म्हणत, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाची यंत्रणा. ती उभी केली सरकारने. आणि सरकार म्हणजे कोण? काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये राजीनामा दिल्यापासून मुंबई प्रांतावर गव्हर्नरची राजवट होती. हुकूम गव्हर्नरचा, आणि पैशासाठी बोट महापालिकेकडे.

१९४२ मध्ये युसूफ मेहेरअली मुंबईचे महापौर झाले. काँग्रेस समाजवादी पक्षाचा हा नेता महापौरपदाची उमेदवारी ठरली तेव्हा लाहोरच्या तुरुंगात होता. ए.आर.पी.च्या खर्चापोटी सरकारने महापालिकेपुढे २४ लाख रुपयांचे बिल ठेवले होते. मेहेरअलींनी ते भरायला नकार दिला. बिल अवाजवी आहे आणि ए.आर.पी.चा कारभार महापालिकेच्या ताब्यात दिल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. पुढे ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ चळवळीत त्यांना अटक झाली.

ही भूमिका आम्हाला महत्त्वाची वाटते. पैसा मुंबईकरांचा असेल तर तो कुठे आणि कसा खर्च होतो यावर मुंबईकरांचा ताबा हवा, हे तत्त्व त्यात आहे. युद्ध चालू आहे म्हणून हिशेब विचारायचा नाही, हे त्यांनी मान्य केले नाही. लोकशाहीत महापालिकेचे सभागृह असते ते यासाठीच.

पण इथेच आम्हाला पुढचा प्रश्न विचारावा लागतो. महापालिकेने सरकारला जे विचारले, तेच महापालिकेला विचारण्याचा अधिकार शहरात कोणाला होता?

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने महापालिकेची बंधनकारक कामे ठरवून दिली. रस्ते झाडणे, मैला वाहणे, पाणी पुरवणे, दिवाबत्ती, आग विझवणे, प्रेतांच्या विल्हेवाटीसाठी जागा ठेवणे ही त्यांतली काही. त्यासाठी मालमत्तेवर कर बसवले. पाण्यासाठी पाणीपट्टी आणि मैला उचलण्यासाठी जो कर, त्याचे कायद्यातले नावच ‘हलालखोर कर’. मैला वाहणाऱ्या माणसाची ओळख थेट कराच्या नावात घातली होती. शहराने त्याच्या नावावर पैसे गोळा केले, पण त्या पैशाचे काय करायचे हे ठरवण्याच्या खोलीत त्याला खुर्ची नव्हती. मत करदात्याचे होते. १९२२ नंतर ठरावीक भाडे भरणाऱ्यांनाही ते मिळाले. प्रौढ मताधिकाराने मुंबई महापालिकेची निवडणूक झाली ती थेट १९४८ मध्ये. बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी १९२८ मध्येच सायमन कमिशनपुढे मांडली होती. घर नाही, मालमत्ता नाही त्याला मतही नाही, या व्यवस्थेत सर्वात खाली कोण राहतो हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

आता हे चित्र युद्धाच्या काळात ठेवून पाहा. शहर सोडून जायची सोय ज्यांच्याकडे होती, त्यांना जाता येत होते. झाडूवाला, मैलावाला, बंबवाला यांना मात्र जाता येत नव्हते. १९४१ च्या अत्यावश्यक सेवा वटहुकुमाखाली ज्या सेवा जाहीर होत, त्यांतल्या माणसाने काम सोडणे हा गुन्हा ठरत होता. जातीने ज्याला त्या कामाला बांधले, त्यालाच कायद्याने पुन्हा बांधण्याची सोय झाली.

काही मित्र इथे लगेच म्हणतील, त्या सरकारात तर बाबासाहेबही होते. बरोबर आहे. जुलै १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. हेच बाबासाहेब १९३८ मध्ये संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध कामगारांना घेऊन रस्त्यावर उतरले होते. १९३५ मध्ये त्यांनीच मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला होता. मग सरकारात जाऊन त्यांनी केले काय, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कागदावर आहे.

युद्धात जखमी होणाऱ्यांसाठी १९४१ चा एक वटहुकूम आधीच होता. तो मदत द्यायचा, पण कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात जेवढे मिळायचे त्यापेक्षा ती मदत कमी होती. म्हणजे यंत्रात हात गेला तर जास्त भरपाई आणि त्याच कारखान्यावर बॉम्ब पडून हात गेला तर कमी. बाबासाहेबांनी १९४३ मध्ये युद्धजखमा भरपाई विमा कायदा आणला आणि ही तफावत भरून काढण्याची जबाबदारी मालकावर टाकली. मालकाने त्यासाठी विमा उतरवणे सक्तीचे केले. कारखाने, खाणी, मोठी बंदरे आणि मळे यांतल्या कामगारांसोबत ज्यांना अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम लागू झाला होता, तेही या कायद्याच्या कक्षेत आले. ज्या कागदाने कामगाराला जागेवर बांधले होते, त्याच कागदाने आता त्याला भरपाईचा हक्क मिळाला. धोक्यात उभे राहायला सांगणार असाल तर त्याची किंमत आधी बाजूला काढून ठेवा, हा त्यामागचा विचार. दया नको, तरतूद हवी. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते आणि तरतूद या शब्दाचे वजन त्यांना ठाऊक होते.

तरतूद का लागते, हे १४ एप्रिल १९४४ ने दाखवले. आपण ज्या दिवशी बाबासाहेबांची जयंती साजरी करतो, तोच हा दिवस. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि त्याच जहाजात कराचीला चढवलेल्या ८,७०० कापसाच्या गाठी. आग लागली. बंब आले. चार वाजून काही मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. एकूण मृत्यूंचे अंदाज ८०० ते १,३०० पर्यंत जातात. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. भरपाईसाठी सरकारला वेगळा वटहुकूम काढावा लागला. मलबा उपसायला हजारो माणसे महिनोन्‌महिने राबली. देशात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो या जवानांच्या स्मरणार्थ.

युद्धभर मुंबईवर शत्रूचा एकही बॉम्ब पडला नाही. मुंबई उद्ध्वस्त झाली ती आपल्याच गोदीतल्या जहाजाने. जहाजात काय भरायचे हे ठरवले युद्धयंत्रणेने, बंदर होते पोर्ट ट्रस्टचे आणि आगीसमोर उभा राहिला महापालिकेचा बंबवाला. निर्णय एकाचा आणि मरण दुसऱ्याचे. मेहेरअलींनी बिलाच्या निमित्ताने विचारलेला प्रश्न आणि बाबासाहेबांनी कायद्याने दिलेले उत्तर, दोन्ही याच दरीविषयी होते.

आता आपल्या शहराकडे येऊ. जकात गेली, एलबीटी गेला. महापालिका मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि सरकारकडून येणाऱ्या जीएसटी भरपाईच्या अनुदानावर चालते. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा शहरांकडे दिली, पण त्यासाठी लागणारा पैसा आणि अधिकार किती दिले? ज्या शहरात वर्षानुवर्षे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे मुकुंदवाडीच्या किंवा भावसिंगपुऱ्याच्या अरुंद गल्लीत आग लागली तर बंब कुठून भरायचा? पाणीपुरवठ्याची रखडलेली योजना हा नागरी संरक्षणाचाच प्रश्न आहे. अंदाजपत्रकात ज्या वस्तीच्या वाट्याला पाइप आला नाही, ती वस्ती भोंगा वाजण्याआधीच उघड्यावर असते.

आणि सफाई कामगार? हलालखोर कराचे नाव आज उरलेले नाही, पण कंत्राटाच्या नावाखाली तोच माणूस तिथेच आहे. करोनात त्याच्यावर फुले उधळली. युद्धाचे सावट आले की त्याला अत्यावश्यक म्हणतील. अत्यावश्यक असलेला माणूस कायम का नसतो, याचे उत्तर कोणताही प्रशासक देत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. नागरी संरक्षणाचा खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवा आणि तो वॉर्डनिहाय जाहीर करा. आपत्तीत ज्यांना कामावर बोलावणार, त्या प्रत्येक कंत्राटी सफाई कामगाराचा आणि अग्निशमन जवानाचा विमा आधी उतरवा. हप्ता मालकाने भरावा, आणि मूळ मालक महापालिकाच आहे. वस्त्यांमध्ये बंबासाठी पाण्याची सोय करा. आणि लोकनियुक्त सभागृहाशिवाय शहर पुन्हा कधीही वर्षानुवर्षे चालवू नका.

सभागृहात बसणाऱ्यांनी २४ लाखांच्या बिलाची गोष्ट लक्षात ठेवावी. आणि वस्तीतल्या आपण त्यांना त्याच्या पुढचा प्रश्न विचारत राहावे: हिशेबात आमचा जीव कुठल्या खात्यात धरला आहे?

जय भीम!