वर्तुळातला ससा : बालचित्रकलेच्या शिक्षणाचा मागोवा

बालवर्गाच्या चित्रकलेच्या तासाला फळ्यावर जे पहिले चित्र उमटते, ते बहुधा एखाद्या गोंडस सशाचे किंवा मांजरीचे असते. डोक्यासाठी मोठे वर्तुळ, धडासाठी लंबवर्तुळ, दोन लांबट कान, टपोरे डोळे आणि इवलेसे नाक. दहा-बारा रेषांत प्राणी सिद्ध होतो. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी, असे वाटते. वस्तुतः शाळेतील चित्रकलेचा आरंभ अगदी निराळ्या हेतूने झाला होता.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. त्या काळच्या सरकारी कलाशिक्षणावर लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीची छाप होती. कुशल कारागीर व आरेखक घडावेत, हा तिचा प्रधान उद्देश. सरळ रेषा, कोन, वक्र रेषा, नक्षी आणि मग समोरच्या वस्तूचे हुबेहूब रेखाटन, असा तिचा क्रम असे. पुढे ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ या परीक्षांनी हीच शिस्त मराठी शाळांत रुजवली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती हे शब्द अनेक पिढ्यांच्या ओठी बसले. हात तयार झाला, नजर मापात आली. परंतु पाच वर्षांच्या मुलाला काय काढावेसे वाटते, हा प्रश्न त्या चौकटीत उद्भवतच नव्हता.

घराच्या अंगणात मात्र निराळीच शाळा भरत होती. चैत्रांगणात गोपद्मे, कासव, नाग, हत्ती मोजक्या रेषांत उमटत. नागपंचमीला पाटावर नाग रेखला जाई. हे आकार हुबेहूब नसत, पण ओळखू येत. आणि आजीच्या शेजारी बसलेली नात ते पाहून पाहून शिके. थोडक्या आकारांत प्राणी उभा करण्याची युक्ती मराठी घराला परकी नव्हती.

मुलाच्या चित्राकडे मुलाचे चित्र म्हणून पाहण्याची दृष्टी युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावू लागली. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. मुलांनी मोठ्यांचे अनुकरण न करता आपल्या मनातले काढावे, असा त्यांचा आग्रह होता. भारतात बालशिक्षणाचे नवे वारे १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरातून वाहू लागले. गिजुभाई बधेका यांच्या त्या कार्यात ताराबाई मोडक सहभागी झाल्या आणि पुढे त्यांनी बोर्डी व कोसबाड येथे ते काम मराठी मुलांपर्यंत नेले. माँटेसरी पद्धतीतील धातूचे भौमितिक साचे मुलाला तयार चित्र देत नाहीत. साच्याची कड गिरवणे आणि आतील जागा रेषांनी भरणे, एवढ्यातून बोटांना वळण लागते. चित्र काय काढायचे, ते मुलाकडेच राहते.

गोंडस प्राणी आला तो चित्रपटाच्या पडद्यावरून. १९२८ साली अवतरलेला मिकी माउस मुख्यतः वर्तुळांचा बनलेला होता, कारण एकच आकृती शेकडो वेळा काढायची तर वर्तुळासारखा सोयीचा आकार नाही. आरंभीचा मिकी लांबुडका व खट्याळ होता. कालांतराने त्याचे डोके व डोळे मोठे होत गेले. या बदलाचे मर्म ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ साली मांडलेल्या विचारात सापडते. मोठे डोके, उंच कपाळ, खाली सरकलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल आणि आखूड हातपाय ही तान्हुल्याची लक्षणे दिसताच माणसाच्या मनात वात्सल्य जागे होते. शिक्षकाने सशाचे डोळे चेहऱ्याच्या मध्याखाली काढले की ससा एकदम ‘लहान’ दिसतो, त्याचे कारण हेच.

भारतात ही विद्या १९५६ साली रीतसर आली. डिस्नेच्या संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रशिक्षणासाठी आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली जातककथेवरील ‘द बनियन डिअर’ हा चित्रपट साकारला. राममोहन त्यांच्याच हाताखाली घडले. १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट तर दूरदर्शनमुळे घरोघरी पोचला. जाळे घेऊन उडणारे त्यातले पक्षी आज पालक झालेल्या अनेकांना आठवत असतील. त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे मुंबईत जन्मल्या आणि पाटण्यातही राहिल्या.

या सुलभ पद्धतीवर गंभीर आक्षेपही आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ सालच्या आपल्या ग्रंथात तयार नमुन्यांच्या नकलेविरुद्ध इशारा दिला. स्वतःच्या निरीक्षणातून पक्षी काढणारे मूल ठरीव आकृती गिरवू लागले की पुढे तीच आकृती काढत राहते आणि आपल्या हातावरचा विश्वास गमावते, असे त्यांचे म्हणणे. चाळीस वह्यांत चाळीस एकसारखे ससे पाहिलेल्या कोणालाही हा इशारा पोकळ वाटणार नाही. व्यंगचित्रकार म्हणून ख्याती पावलेल्या शंकर पिल्लई यांनी १९४९ साली मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली, ती मुलांच्या स्वतःच्या चित्रांसाठी, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

तरीही वर्तुळाचा ससा टाकाऊ नव्हे. “मला येत नाही” म्हणून पेन्सिल खाली ठेवणाऱ्या मुलाला तो पहिले यश देतो. दोष पायऱ्यांचा नसतो. शेवटच्या पायरीवर थांबण्याचा असतो. वर्तुळ आणि लंबवर्तुळ ही बाराखडी मानली, तर बाराखडीनंतर वाक्य यावे लागते. ससा काय खातो, कोणाला भितो, पाऊस आल्यावर कोठे लपतो, असे विचारले की चाळीस ससे चाळीस वाटांनी पळू लागतात.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेत या तासाला आणखी एक मोल आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथील मूल रस्त्यावर निराळी भाषा ऐकते. आयाळ, खूर, चोच, पंजा, वशिंड, शेपटीचा गोंडा हे शब्द त्याच्या कानी एरवी क्वचितच पडतात. बैलाच्या पाठीवर उंचवटा काढताना “हे वशिंड” असे शिक्षक सहज म्हणतात, तेव्हा तो शब्द रेषेसह मनात राहतो. घरी आलेले वाकडेतिकडे चित्र पाहून पालकांनी “हे काय काढलेस?” एवढेच न विचारता “याच्याविषयी सांग” असे म्हटले, तर चित्राबरोबर मराठीतली एक गोष्टही घरात येईल.